कोरं सोंग

“खैरनार, तुमच्या रंगपेट्या घेऊन खाली या. तुमचा पेशंट पळाला.”

डॉक्टर हरदास फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. रेडिएशन विभागाचे ते प्रमुख, आणि पेशंटच्या बाबतीत त्यांचा हिशोब सरळ होता. पेशंट रडला, रुसला किंवा पळाला की तो माझा, आणि बरा झाला की त्यांचा. त्यामुळे तो माझा पेशंट कधी झाला, हे विचारायच्या भानगडीत न पडता मी जिना उतरले.

नाशिकच्या त्या हॉस्पिटलात मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आधी चित्रकलेची पदवी, मग मानसशास्त्राची. वडील म्हणायचे, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” हॉस्पिटलने मला मोडक्या खाटा ठेवायची खोली रिकामी करून दिली होती. कॅन्सरच्या पेशंटना तिथे बसवून मी चित्रं काढायला लावायचे आणि त्यांच्याशी बोलायचे. वॉर्डबॉय मला ‘रंगवाल्या बाई’ म्हणत. डॉक्टर लोक काही म्हणत नसत, नुसते हसत. हसू देत, म्हणायचे मी. वर जाऊन मग उशीवर ब्रश आपटायचे.

पळालेला पेशंट फार लांब गेला नव्हता. पार्किंगमधल्या गुलमोहराच्या कट्ट्यावर पाठ ताठ ठेवून बसला होता. धवळू भोये, पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे. पन्नाशी ओलांडलेले, काटक, पांढरी टोपी, गळ्याशी गुंडाळलेला पंचा. शेजारी त्यांची मुलगी हिरा उभी होती, गावातली अंगणवाडीताई. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

“घशात टॉन्सिलपाशी गाठ आहे,” हरदास मला बाजूला घेऊन म्हणाले. “वेळेत आलाय. रोज रेडिएशन दिलं, सहा-सात आठवडे, तर हा माणूस बरा होऊन घरी जाईल. मी सहसा असं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि हा म्हणतो, मास्क लावणार नाही! मोठा पुरुष, मास्कला घाबरतो!”

मास्क म्हणजे काय, ते सांगायला हवं. घशाला रेडिएशन देताना डोकं तसूभरही हलून चालत नाही. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करतात, पेशंटच्या चेहऱ्यावर दाबतात आणि तो तिथेच कडक होतो. नाक, ओठ, हनुवटी, सगळं जसंच्या तसं उमटतं. मग रोज पेशंटला उताणं झोपवून तो मुखवटा चेहऱ्यावर ठेवायचा आणि कडेच्या खिट्ट्यांनी टेबलाला पक्का बसवायचा. भलेभले त्यात घाबरतात. श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

“सोमवारपर्यंत त्याला टेबलावर आणा,” हरदास म्हणाले. “त्यापुढे गाठ काही आपल्यासाठी थांबायची नाही.”

मी धवळूबाबांना वर माझ्या खोलीत आणलं. मला वाटलं होतं, आपल्याला हे येतं. कोंडल्याची भीती, त्यावर श्वासाचे व्यायाम, मग कागद आणि खडू. भीती कागदावर उतरली की अर्धी होते, हे मी शिकले होते आणि पाहिलंही होतं.

“बाबा, मोठा श्वास घ्या.”

त्यांनी घेतला. इतका सावकाश आणि इतका खोल, की माझाच दम आधी सुटला.

“मास्क लावल्यावर कोंडल्यासारखं होतं का?”

“नाय.”

“मशीनची भीती वाटते? आवाज होतो त्याची?”

“नाय.”

“मग मनात काय येतं, ते या कागदावर काढा बघू. कसंही काढा. वाकडंतिकडं चालेल.”

त्यांनी खडूंच्या पेटीकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले. “रंगाचं काम आमचं नाय, बाई. आम्ही नाचणारे.”

“काय नाचता?”

उत्तर हिराने दिलं. “बोहाडा. आमचे गावाला देवांची सोंगं निघतात ना, ती. बा लहानपणापासून सोंग घेतो.” मग ती वडिलांकडे वळली. “बा, सांग की बाईंना. नायतर मी सांगू?”

धवळूबाबांनी दाराबाहेरच्या जिन्याकडे बोट केलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही खाली ती फळी बघितली का?”

फळी मी रोज बघत होते. रेडिएशनच्या खोलीत भिंतीला लांबलचक फळी होती आणि तिच्यावर सगळ्या पेशंटचे मास्क ओळीने ठेवलेले असायचे. पांढरे, बिनडोळ्यांचे, कपाळावर नावाची चिकटपट्टी लावलेले.

“तिथं माणसांची तोंडं ठेवल्यात,” ते म्हणाले. “कोरी.”

“मला सांगायला लाज वाटते, बाई,” हिरा म्हणाली. “मी पोरांना शिकवते, मला सगळं कळतं. पण आमचे गावात कोरं सोंग कोणी तोंडाला लावत नाय. रंगवायचं, डोळे काढायचे आन् मंग लावायचं. कोरं लावलं तर लावणाऱ्याचं तोंड त्याच्यात जातं, असं म्हणतात.”

“म्हणतात नाय,” धवळूबाबा म्हणाले. “हाय तसं. साचा केला तवा मी गप पडून राहिलो. मला वाटलं, आता रंगवून आणतील. आज गेलो तं तसंच कोरं घेऊन आले माझे अंगावर.” त्यांनी पंचा सारखा केला. “मी मरायला भीत नाय, बाई. पण बिनतोंडाचा मरायचा नाय.”

माणूस घाबरलेला नव्हताच. आम्ही सगळे त्याच्या भीतीला औषध शोधत होतो आणि तो बिचारा रंगाची वाट बघत होता! मला एकदम हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

“एवढंच ना? मग रंगवू की!”

धवळूबाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

हरदासांच्या केबिनमध्ये मात्र माझं हसू फार टिकलं नाही.

“रंगवायचा? खैरनार, तो मास्क आहे, गणपतीची आरास नाही. त्यावर निळ्या खुणा आहेत. रोज त्या खुणांवर प्रकाशाची रेघ जुळवून आम्ही नेम धरतो. एक खूण झाकली, तर किरण गाठीऐवजी मणक्यात जातील. जाईल तुमची कला त्याची जबाबदारी घ्यायला?”

“खुणांना हात लावणार नाही. खिट्ट्यांना नाही, कडेला नाही. रंग पातळ, फक्त वरून. जाळीची भोकं बुजणार नाहीत. आणि फिजिक्सवाल्यांनी तपासल्याशिवाय मास्क वापरू नका.”

“आणि हे सगळं त्याच्या गावच्या समजुतीसाठी?”

“तुम्ही मशीनच्या खोलीत जाताना नेहमी डावा बूट आधी काढता, म्हणे. खालच्या सिस्टर सांगत होत्या.”

मला वाटलं, नोकरी गेली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सोमवारी सकाळी आठला. मास्क तपासून घेणार. एक खूण पुसट दिसली, तरी कचऱ्यात टाकणार. आणि नारळ माझ्या मशीनवर फोडायचा नाही.”

हिराने पिशवीत नारळ आणलाय, हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

शनिवारी मी मास्क वर आणला. धवळूबाबांच्या समोर तो ठेवताना उलटा, तोंड खाली करून ठेवला, तेवढी अक्कल आता आली होती. “कोणतं सोंग करायचं? गणपती करू?”

ते दचकलेच. “गणपती वाघेऱ्यांच्या घराचा. त्यांचा मान. आन् मी तिथं काय करतो? उताणा पडतो. देव उताणा पडत नाय, बाई.”

“मग तुमच्या घराला कोणतं सोंग आहे?”

धवळूबाबा खिडकीबाहेर बघायला लागले. हिराने तोंडाला पदर लावला.

“सांगा ना.”

“कुंभकर्ण,” ते पुटपुटले.

मग हिराने सगळं सांगितलं. बोहाड्यात राम-रावणाची सोंगं रुबाबात नाचून जातात आणि मग कुंभकर्ण येतो. तो नाचत नाही. येतो तो डुलत, रिंगणाच्या मध्ये जातो आणि सरळ झोपतो. मग सगळं गाव त्याला उठवायला लागतं. संबळ, पिपाणी, पराती, डबे, जे हाताला लागेल ते वाजवायचं. पोरं त्याच्या पायांना गुदगुल्या करतात. लोक हसून हसून बेजार होतात. कधीतरी तो उठतो, जेवायला मागतो आणि पोटभर जेवतो.

“पण पुढे तर त्याला राम मारतो,” मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली.

“आमचेकडं नाय मारत,” धवळूबाबा शांतपणे म्हणाले. “जेवण होस्तवर उजाडतं. मारायचं राहूनच जातं.”

आता एक अडचण होती, ती माझी. आमच्या शास्त्रात पहिला धडा हा, की पेशंटच्या चित्रावर आपला हात चालवायचा नाही. रंग त्याचे, रेघ त्याची. आपण फक्त शेजारी बसायचं. मी तो धडा दहा जणांना ऐकवलेला होता. पण धवळूबाबांच्या गावात सोंग घेणारा सोंग रंगवत नाही, त्याचा रंगारी वेगळा असतो. आणि त्यांच्या त्या जगात मी रंगारी होते. मी ब्रश उचलला.

“मिशी जाड,” ते म्हणाले.

मी जाड केली.

“अजून. ही शहरातली झाली.”

दिवसभर आम्ही भांडत रंगवलं. चेहऱ्याला विटकरी लाल, गालांवर पिवळे ठिपके, भुवया कावळ्याच्या पंखाएवढ्या. निळ्या खुणांभोवती मी बोटभर जागा कोरी सोडली. त्यांना ती खटकली. मी म्हटलं, तेवढ्या डॉक्टरांच्या मानाच्या. ते त्यांना लगेच पटलं. हिरा मध्येच चहा आणायची आणि दोघांच्या चुका काढायची.

“डोळे मिटलेले काढू ना? झोपलाय तो.”

“नाय, नाय. सोंगाचे डोळे उघडे. झोपतो तो आतला.”

डोळे शेवटी काढायचे होते आणि ते सोमवारी सकाळी, त्यांच्यासमोर. आयुष्यात मी बरीच चित्रं काढली होती, प्रदर्शनंही लावली होती. पण त्या दोन बुबुळांना जितका वेळ दिला, तितका कधी कशाला दिला नव्हता. दुसरं बुबुळ टेकवलं तशी धवळूबाबांनी टोपी काढली आणि मास्कला हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “झाला जिवंत.”

हरदासांनी मास्क उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिला. फिजिक्सवाल्यांनी खुणा जुळवल्या. तांबोळी नावाचा टेक्निशियन, जो एरवी दिवसभर चार शब्द बोलायचा, तो मिशीकडे बघून म्हणाला, “एक नंबर.” धवळूबाबा स्वतःच टेबलावर चढले, उताणे झाले. खिट्ट्या लागल्या. आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो. एवढ्या मोठ्या मशीनखाली लालभडक कुंभकर्ण डोळे वटारून आडवा पडला होता आणि केसभरही हलत नव्हता.

“असा न हलणारा पेशंट मी बघितला नाही,” हरदास म्हणाले. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. मी तेवढ्यावर भागवलं.

पहिले आठवडे बरे गेले. मग रेडिएशन आपलं खरं रूप दाखवायला लागलं. घसा आतून सोलवटला, तोंडात फोड आले, आवाज बसला. धवळूबाबा खुणांनी बोलायला लागले. घोटभर पाणी गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज हिरा चमच्याने भरवायची आणि ते मान फिरवायचे. तोंडही उघडेना, दोन बोटं जातील एवढंच.

एके दिवशी हरदासांनी मास्क त्यांच्या गालावर बोटाने हलवून पाहिला. “सैल होतोय. वजन उतरतंय यांचं. आणखी उतरलं, तर मास्क बसणार नाही आणि नवा करावा लागेल.”

“नवा म्हणजे कोरा,” मी म्हणाले.

“नवा म्हणजे कोरा. आणि मधले दिवस फुकट.”

मी जसंच्या तसं धवळूबाबांना सांगितलं. गोड बोलून समजूत घालायचा तो दिवस नव्हता. “बाबा, पेज गेली नाही, तर कुंभकर्ण जाईल.”

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग हिराच्या हातातून वाटी ओढून घेतली. एकेक चमचा गिळताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, मूठ मांडीवर आपटायची. मी समोर बसून राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. शेवटच्या आठवड्यात तर पेजही जाईना, सलाईनवर ठेवलं. पण तोवर मास्क तगला. कसाबसा, कापसाच्या घड्या लावून, पण तगला.

दरम्यान माझ्या खोलीबाहेर रांग लागली होती. मालेगावची एक आजी तिचा मास्क पदराखाली घेऊन आली, तिला त्यावर हिरवी जरीची फुलं हवी होती. एका रिक्षावाल्याला वाघ हवा होता. त्या फळीवरची कोरी तोंडं एकेक करून रंगत गेली. ते मात्र ज्याचं त्याने रंगवलं. मी पुन्हा शेजारी बसून राहायला लागले.

पुढे या कामाला नाव मिळालं. दुसऱ्या शहरांतून बोलावणी आली, आज माझ्या हाताखाली शिकलेली मुलं चार हॉस्पिटलांत हेच करतात. ती विचारतात, मॅडम, हे काम खरं आहे, नुसतं मन रमवणं नाही, हे तुम्हाला कधी पटलं? मी त्यांना धवळूबाबांच्या शेवटच्या दिवसाचं सांगते.

त्या दिवशी हिरा सकाळी परात घेऊन आली. घरून आणलेली, पितळेची. मला वाटलं, पेढे वाटायला असेल. पाहते तर बाहेरच्या बाकांवर बसलेले सगळे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक ताटल्या, झाकणं, डबे घेऊन तयारीत. मालेगावच्या आजीकडे दोन चमचे होते.

मशीन थांबलं. तांबोळीने जाड दार उघडलं, आत जाऊन खिट्ट्या सोडल्या आणि मास्क तसाच चेहऱ्यावर ठेवून बाजूला झाला. त्यालाही सामील करून घेतलं होतं. हिराने परातीवर हात मारला आणि दारातून, बाकांवरून, सगळीकडून एकच कल्लोळ उठला. हॉस्पिटलात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घसे गेलेली माणसं, बोलता न येणारी माणसं हातांनी ओरडत होती.

धवळूबाबा उठले नाहीत.

आम्ही हसलो. आणखी वाजवलं. रिक्षावाल्याने पायाला गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही. माझं हसू हळूहळू मावळलं. सकाळी सिस्टर त्यांची नाडी बारीक लागते म्हणाल्या होत्या, ते मला आठवलं. मी हिराकडे वळले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

“हिरा?”

ती हसत होती! हसून तिला बोलता येईना. “पाटील, बाई! पाटलानं स्वतः वाजवून हाक मारल्याबिगर कुंभकर्ण उठत नाय आमचेकडं. कितीबी बडवा!”

“इथे कुठून आणू पाटील?”

“काय चाललंय इथे?” मागून आवाज आला. हरदास ओपीडी सोडून तरातरा येत होते, चेहरा लाल. “हे हॉस्पिटल आहे का लग्नघर? खैरनार, हे तुमचं...”

वाजवणं थांबलं आणि सगळ्यांनी त्यांच्याकडेच पाहिलं. मी हिराच्या हातातली परात घेतली आणि त्यांच्या हातात दिली.

“गावच्या पाटलाने हाक मारल्याशिवाय उठत नाहीत ते.”

ते परातीकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या त्या भुवयांकडे, मिशीकडे, पंचा पांघरलेल्या हाडकुळ्या छातीकडे. त्यांनी बोटांनी परातीवर टिचकी मारली.

“जोरात, सर,” तांबोळी म्हणाला.

हरदासांनी हात उगारला आणि अशी परात बडवली, की वरच्या मजल्यावरून सिस्टर धावत आल्या. “उठा, धवळूबाबा! उठा! संपलं सगळं!”

दोन हात वर आले. त्यांनी मास्क उचलला, छातीवर ठेवला. मग तो माणूस हळूहळू उठून बसला, दोन्ही हात ताणले आणि जांभई दिली. दोन बोटांपुरतं उघडणारं ते तोंड उघडत गेलं, उघडत गेलं. किती दुखलं असेल! पण कुंभकर्णाची जांभई म्हणजे कुंभकर्णाची जांभई, ती काही दोन बोटांची नसते.

हरदासांनी परात माझ्याकडे सारली, खिशातून टॉर्च काढला आणि त्या उघड्या तोंडात वाकून पाहिलं. सवयच ती. खूप वेळ पाहिलं.

“गाठ दिसत नाही मला,” ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “गाठ दिसत नाही.”

धवळूबाबांनी तोंड मिटलं. गेले कित्येक दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता दगडावर दगड घासावा तशा आवाजात ते म्हणाले, “जेवाया घाला, पाटील.”

हिराने घाईघाईने डबा उघडला. चमचा तिच्या हातातून हरदासांनी घेतला. पाटलानेच घालायचं असतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. नागलीची पातळ पेज, कोमट. त्यांनी चमचा पुढे धरला, स्वतःच्याही नकळत स्वतःचं तोंड उघडून, लहान मुलाला भरवताना आपण उघडतो तसं.

धवळूबाबांनी डोळे मिटले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. घास उतरताना सगळ्या बाकांनी पाहिला.

त्यांनी डोळे उघडले आणि हरदासांकडे बघून म्हणाले, “अजून.”